गणपाची इचारपूस

माघ सरत आला की सांगलीच्या बाहेरच्या वस्त्यांवरून हळद शिजल्याचा वास गावात येऊ लागतो. त्याला सुगंध म्हणता येणार नाही, आणि दुर्गंध तर तो नाहीच. ओली माती, आले आणि नुकतीच विझलेली चूल यांच्या मधला कुठला तरी तो वास आहे. आता हळद बंद पिंपांतून वाफेवर शिजते, तरी वास तोच राहिला आहे. संध्याकाळी खिडकी उघडावी, तो आत यावा, आणि माझ्या मनात जे जागे होते त्याला कुणी आठवणींचा गहिवर म्हणेल. मला त्याचे खरे नाव ठाऊक आहे. तो मत्सर आहे, आणि तो दिनकरविषयीचा आहे.

इतक्या उशिरा लिहू लागलेल्या माणसाने पहिल्याच परिच्छेदात असा शब्द वापरू नये, हे मला कळते. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे निबंध तपासले. स्वतःचे चार कागद लोकांपुढे ठेवण्याचा धीर आता, शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटल्यावर, झाला आहे. तेव्हा निदान पहिला शब्द तरी खरा असावा, एवढीच इच्छा.

कराड आणि सांगली यांच्या मधोमध, कृष्णेच्या काठी आमचे बाजाराचे गाव होते. हळदीच्या दिवसांत त्याचा रंगच पालटून जाई. मळ्यामळ्यांत चुलवाणे पेटत, काहिलींवर हळदीच्याच पाल्याचे झाकण पडे आणि कडेने पांढरा फेस उसळू लागे. शिजलेली हळकुंडे उन्हात पसरली की त्यांतून चालणाऱ्या कुत्र्यांचे पायसुद्धा पिवळे होत. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांवर पिवळे ठसे उमटत आणि ते तपासताना माझी बोटेही पिवळी होत. बेचाळीसची चळवळ पेटून गेल्यानंतरचा तो हंगाम होता. उसाच्या फडांत फरारी माणसे लपत, कोणाच्या तरी घरून भाकरी जात, आणि मागोमाग पोलिसांची गाडी येई. कोणाला नेले, कोठे नेले, त्याचे काय झाले, हे कोणी सांगत नसे. पुण्याहून येणाऱ्या वर्तमानपत्रांत आफ्रिकेतल्या लढाईचे नकाशे छापून येत. आमच्या गावातून उचललेल्या माणसाला त्यांत जागा नव्हती.

ती जागा दिनकरने, आमच्या दिनूने, तयार केली. शाळेतून काढून टाकलेला, एका कोपऱ्याला तडा गेलेला फळा त्याने आणला, पिंपळाच्या पाराला टेकवून उभा केला आणि त्यावर गावच्या बातम्या लिहावयास सुरुवात केली. कोणाची परवानगी नाही, कोणाचे नाव नाही. त्याला साथ देणारी चारदोन मुले होती, पण लिहिणारा तोच. खडू मात्र माझ्याकडून जात. आम्ही प्राथमिक शाळेपासून एका बाकावर बसलेले. पुढे सांगलीच्या महाविद्यालयातही बरोबर गेलो. त्याने चळवळीच्या धामधुमीत शिक्षण सोडले, मी पदवी घेऊन गावच्या इंग्रजी शाळेत मास्तर झालो. मधल्या सुट्टीत तो शाळेच्या कुंपणावर वाकून म्हणे, "पंडित, खडू टाक," आणि मी दोन खडू टाकीत असे. गावाला हसवणारे, चिडवणारे आणि पुढे हादरवणारे ते शब्द माझ्या खडूने लिहिले जात होते. यात अभिमान वाटण्यासारखे काही तरी असावे. मला तो कधी वाटला नाही.

आरंभी फळा थट्टेखोर होता. बाजाराच्या दिवशी शिपाई माळणींच्या पाट्यांतून हवी ती भाजी उचलीत. त्या संध्याकाळी फळ्यावर आले : "आजच्या बाजारातून काही वांगी ठाण्यात नेण्यात आली. त्यांचा गुन्हा कळलेला नाही." सारा बाजार हसला, आणि पुढच्या बाजाराला शिपाई माळणींच्या रांगेकडे फिरकले नाहीत. मग हवालदार रोज सकाळी ओले फडके घेऊन फळा पुसायला येऊ लागला. दिनूने लिहिले, "फळा स्वच्छ ठेवल्याबद्दल पोलीस खात्याचे आभार." तेही पुसावे लागले. पुसता पुसता हवालदाराच्या खाकी बाहीवर खडूची पांढरी भुकटी बसे, आणि तो बाजारातून जाऊ लागला की बाया पदराआड हसत.

दिनूचे शुद्धलेखन भयंकर होते. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचे जन्माचे वैर, वाक्य कोठे थांबेल याचा नेम नाही. मी वाक्याला वाक्य घासून घेणारा. मला तेव्हा प्रामाणिकपणे वाटे की लोकांना योग्य तऱ्हेने लिहिलेले वाचायला मिळाले तर ते ह्या थट्टेकडे पाहणारसुद्धा नाहीत. हेवा आणि मत्सर यांत काय अंतर आहे, असे वर्गात कोणी विचारले तर मी सांगत असे की दुसऱ्याजवळचे आपल्याला हवेसे वाटणे हा हेवा, आणि ते त्याच्याजवळ असूच नये असे वाटणे हा मत्सर. त्या हंगामात मी एकाकडून दुसऱ्याकडे केव्हा सरकलो, ते मला सांगता येणार नाही.

मग गणपाला नेले.

गणपा हा हौसामावशींचा एकुलता एक मुलगा. चुलवाणापाशी जाळ घालण्याचे काम करी. त्याच्या हाताखालची हळद कच्ची राहत नसे, म्हणून त्या दिवसांत त्याला या मळ्यातून त्या मळ्यात बोलावणे असे. त्याने फडातल्या कोणाला भाकरी पोचवली, असा पोलिसांना संशय होता. ऐन दुपारी, पेटत्या चुलवाणासमोरून त्याला उठवून नेले. अंगात सदरासुद्धा नव्हता. दुसऱ्या दिवशी हौसामावशी ठाण्यावर गेल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की त्याला केव्हाच सोडून दिले आहे. तो घरी आला नाही. तिसऱ्या दिवशीही तेच उत्तर मिळाले. फरार झाला असेल, असे पुढे म्हणू लागले. ज्याला पकडलेच नाही असे कागदावर आहे, त्याचे आत काहीही होऊ शकते, हे त्या वर्षी आमच्या भागात लहान मुलांनाही कळत होते.

दिनूने रोज एकच ओळ लिहायला घेतली : "गणपा कुठं आहे?" हवालदार पुसे, दिनू पुन्हा लिही. मी घरी बसून लेख लिहिला. अटकेसंबंधीचे कायद्याचे तत्त्व, प्रजेचे मूलभूत हक्क, रोमन काळापासूनचे दाखले. साताऱ्याच्या एका साप्ताहिकाने तो छापलाही. युद्धकाळातल्या सरकारी तपासनीसांच्या कडक नजरेखालून तो सुखरूप पार पडला, यावरूनच काय ते समजायला हवे होते. लेखात गणपाचे नाव नव्हते, गावाचे नव्हते, ठाण्याचेही नव्हते. अंक आला त्या आठवड्यात फौजदार मला नदीच्या वाटेवर भेटले. सुशिक्षित, मृदू बोलणारे गृहस्थ. सायकलवरून उतरून म्हणाले, "मास्तर, आपला लेख वाचला. भाषा फार सुंदर आहे."

दिनूच्या भाषेविषयी ते कधी काही बोलले नाहीत. दिनूचे नाव निघाले की त्यांच्या जबड्याची शीर उडे. त्या वाटेवर उभा राहून मी पहिल्यांदा स्वच्छपणे ओळखले की मला काय हवे आहे. फौजदारांनी माझाही तसाच द्वेष करायला हवा होता.

त्यानंतरची एक संध्याकाळ. उन्हे उतरली होती, मळ्यांकडून वाफेचा वास येत होता. मी शाळेतून परतताना पारापाशी थांबलो होतो. दिनू पारावर बसून शेंगा सोलत होता. हौसामावशी ठाण्याकडून आल्या आणि आम्हा दोघांसमोर खाली टेकल्या. त्या दिवशी फौजदारांनी त्यांना स्वतः बोलावून सांगितले होते की गणपाची थोडी विचारपूस केली आणि लगेच सोडला, आता उगाच फेऱ्या घालू नका. मावशींच्या मुद्रेवर मला समाधानासारखे काही दिसले आणि मी चकित झालो.

"सायेब वाईट न्हाई रं," त्या म्हणाल्या. "माज्या लेकाची इचारपूस केली म्हनला. येवढा मोटा मानूस, गरिबाच्या पोराची इचारपूस करतो. पर मग त्यो घरला का आला न्हाई?"

आमच्याकडे विचारपूस ही आजाऱ्याची करतात. घरात कोणी अंथरुणाला खिळले, कोणाचे मूल गेले, की शेजारीपाजारी जाऊन बसतात. जेवण जाते का, झोप लागते का, काल कसे होते, आज कसे आहे. जाताना हातात काही तरी असते, कोणाच्या तांब्यात दूध, कोणाच्या फडक्यात भाकरी. मावशींना त्या शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता.

मला ठाऊक होता. मी त्यांच्याजवळ बसलो आणि शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले की पोलिसांच्या भाषेत विचारपूस म्हणजे चौकशी, आणि चौकशी करताना ते मारहाणही करतात.  त्या पदराचा बोळा तोंडात धरून उठल्या आणि घराकडे गेल्या.

दिनूने हातातल्या शेंगांची टरफले झाडली. तो फळ्याकडे गेला, फडके भिजवून आणले, जुनी ओळ पुसली, माझ्यापुढे हात केला. मी खडू दिला. त्याने लिहिले :

"गणपाची इचारपूस करायला उद्या सकाळी ठाण्यावर चला. रिकाम्या हातानं येऊ नका."

मावशींचे तेच वाक्य त्याच संध्याकाळी आम्हा दोघांच्याही कानांवर पडले होते. वारा एकच, अंतर तेवढेच, उलट मी अधिक जवळ होतो. मी शब्द ऐकला आणि त्याचा अर्थ समजावून दिला. त्याने शब्द ऐकला आणि तो जसाच्या तसा फौजदारांच्या दारात नेऊन ठेवला. आज इतक्या वर्षांनी मी विचार करतो, तेव्हा मला त्याच्या लोकप्रियतेचा, त्याच्या धैर्याचा, फार काय त्याला झालेल्या तुरुंगवासाचाही तितका मत्सर वाटत नाही. मला त्याच्या कानाचा मत्सर वाटतो.

दिवेलागणीला पोलीस आले. गावाने जे वाचले ते पोलिसांनी वाचले नाही. "रिकाम्या हातानं येऊ नका" याचा अर्थ त्यांनी लाठ्याकाठ्या, दगड, कुऱ्हाडी असा केला. दंग्याला चिथावणी दिल्याबद्दल दिनूला दंडाला धरून नेले. जाताना तो हवालदाराला म्हणत होता, "आवं हवालदार, तुमच्या गावाकडं आजाऱ्याला बघायला कुऱ्हाड घिऊन जात्यात व्हय?" लोक हसले, पण घाबरून हसले. फळा पुसला गेला. पारावर कोणी थांबले नाही. जो तो आपापल्या दाराआड गेला आणि उद्या कोणी जाणार नाही, हे एकमेकांना न सांगता ठरल्यासारखे झाले.

सकाळी तांबडे फुटत असताना मी नदीवर जाण्यासाठी निघालो. पारापाशी आलो. ओल्या फडक्याने पुसलेला फळा रात्रीतून वाळून काळाभोर झाला होता. खिशात खडू होता, तो नेहमीच असे. मी धाडसी नाही, हे सांगण्याची गरज नसावी. मला वाटते, मला धाडसापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने पुढे ढकलले. एकदा तरी त्या फळ्यावर माझे वाक्य असावे, ही ती गोष्ट.

पण हात उचलला आणि ध्यानात आले की मला माझे वाक्य सुचत नाही. जी सुचत होती ती सगळी साप्ताहिकात शोभली असती. मला दिनूचीच ओळ हवी होती. तीत "उद्या"चे "आज" करावेच लागले; त्याखेरीज निदान काही तरी सुधारावे, म्हणून प्रयत्न केला. दुसरे वाक्य गाळावे, त्यापायीच तर अटक झाली. पण ते गाळले की लोक भाकरी आणणार नाहीत, आणि भाकरीवाचून तो नुसता जमाव होईल. "शांततेने" हा शब्द घालावा. तो घातला की शांतता भंगेल अशी भीती आधीच कबूल केल्यासारखी होईल. "इचारपूस"च्या ठिकाणी "विचारपूस" तरी लिहावे. तेथे मी सर्वांत जास्त वेळ थांबलो. "विचारपूस" फौजदारांची होती. "इचारपूस" हौसामावशींची. आयुष्यात मी जाणूनबुजून एकच शब्द अशुद्ध लिहिला, तो तेथे. आणि एका बाकावर बसून ज्याच्या वहीतून गणिते उतरवली होती, त्याचे उजवीकडे कलणारे अक्षर माझ्या हातातून आपोआप उतरले.

नदीवरून परत आलो तेव्हा, फळा रात्रीच पुसलेला म्हणून हवालदार फिरकला नव्हता आणि फळ्यासमोर माणसे उभी होती. "आत हाय, तरी लिवलंच की गड्यानं," कोणी तरी म्हणाले. दुसऱ्याने विचारले की कोठडीतून कसे लिहिले असेल, तर तिसरा म्हणाला, "दिनू हाय त्यो. तुला काय कळतंय?" त्यांच्या आवाजातली भीती गेली होती. कोंडलेल्या माणसाचे अक्षर बाहेर दिसते आहे, एवढ्याने ती गेली. मी त्यांच्यामागून, पंचा खांद्यावर टाकून, हळूच निघून गेलो.

ऊन चढले तसे लोक ठाण्यावर जमू लागले. आधी बायाच आल्या. दुधाचे तांबे, फडक्यांत बांधलेल्या भाकऱ्या, पेरू, एकीने पेजेची कासंडी आणली होती. पुरुष मागून आले. शिपाई लाठ्या घेऊन ओळीने उभे होते आणि समोर पाहतात तो कोणाच्या हाती दही, कोणाच्या हाती लिंबाचे लोणचे. काय करावे, ते त्यांना कळेना. लोक अंगणात बसले. कोणी घोषणा दिली नाही. आजाऱ्याच्या घरी जसे बसतात, तसेच बसले. मी कडेला, सायकलींच्या आडोशाला उभा होतो.

हवालदार दारात होता. मूळचा माणदेशातला, वयस्क मनुष्य. हौसामावशींच्या शेजारच्या एका म्हातारीने, आजाऱ्याच्या उंबऱ्यावर विचारतात त्या सुरात, त्याला विचारले, "कसं हाय वो पोराला?"

हा प्रश्न माणदेशापासून कृष्णाकाठापर्यंत ज्या सुरात विचारला जातो, त्या सुराला एकच उत्तर असते आणि ते लहानपणापासून जिभेवर असते. हवालदाराने विचार केला नाही. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "हाय, कालच्या परीस बरा हाय. जरा ताप हुता राती."

अंगणात कोणी हलले नाही. हवालदाराच्या ध्यानात आले, आणि त्याचे तोंड उघडेच राहिले. त्याच्यामागे दारात फौजदार येऊन उभे होते. त्यांनीही ऐकले होते. सोडून दिलेला, फरार झालेला, कागदावर कोठेच नसलेला गणपा आत होता, आणि त्याला ताप होता. त्या शांततेत आतल्या कोठडीतून एक हसू ऐकू आले. ते दिनूचे होते. त्या क्षणाची सर्वांत उत्तम जागासुद्धा त्यालाच मिळाली होती.

मग हौसामावशी उठल्या. फौजदारांना त्या एवढेच म्हणाल्या, "सायेब, तुमी इचारपूस केली, आता आमाला करू द्या." आणि पुन्हा खाली बसल्या. लोकही बसून राहिले. इतक्या माणसांदेखत तोंडातून गेलेला शब्द कोणत्याही फडक्याने पुसता येत नव्हता. दुपार कलण्याआधी गणपाला बाहेर आणण्यात आले.

दिनू सुटून आला तो हळदीचा हंगाम संपल्यावर. लोकांनी त्याला पारावर बसवले आणि त्याच्या अटकेनंतर फळ्यावर पुन्हा उमटलेल्या त्या ओळीविषयी खोदून खोदून विचारले. त्याने खरे तेच सांगितले. मी आत होतो, ती ओळ मी लिहिली नाही, कोणी लिहिली ते मला ठाऊक नाही. लोक इतके हसले की पारावरची कबुतरे उडाली. किती मोठ्या मनाचा गडी, केलेलेसुद्धा स्वतःकडे घेत नाही. त्या दिवसापासून त्याचा मान दुप्पट झाला. त्याची नजर गर्दीतून फिरत माझ्यावर येऊन किंचित थांबली, असे मला वाटले.  पुढे तो वारला, तेव्हा शोकसभेत त्या कोठडीतून लिहिलेल्या ओळीचे वर्णन एका वक्त्याने डोळ्यांत पाणी आणून केले. मी पहिल्या रांगेत बसून ते ऐकले.

परंतु हळदीच्या या वासासरशी मला पार आठवत नाही आणि सभाही नाही. मला ती बैलगाडी आठवते.

गणपाला उभे राहता येत नव्हते. तळपाय सुजून काळेनिळे झाले होते. गवताच्या पेंढ्यांवर त्याला निजवले होते आणि मावशी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोणाच्या तरी तांब्यातले दूध त्या त्याला घोट घोट पाजत होत्या. धक्का बसू नये म्हणून गाडी अगदी सावकाश चालली होती, आणि मी चाकाशेजारून, एक हात गाडीच्या कठड्याला लावून चालत होतो. गाडीभोवतीच्या गर्दीत ती बाजू माझ्या वाट्याला आली होती, एवढेच. मळ्यांतून काहिलींची वाफ वर चढत होती. जाळ घालायला त्या दिवशी दुसरे कोणी तरी होते. गणपाने नाकपुड्या फुलवून वास घेतला आणि पुटपुटला, "करपाय लागली," आणि तेवढ्याने मावशी रडू लागल्या.

पारापाशी गाडी थांबली, कारण लोक आडवे आले होते. गणपाने मान वळवून फळ्याकडे पाहिले. त्याला वाचता येत नव्हते. तेथे काय लिहिले आहे, असे त्याने आईला विचारले.

"तुजी इचारपूस हाय," मावशी म्हणाल्या.

"कुनी लिवली?"

"दिनूनं." आणि मग, वाचता येणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी तशा त्या माझ्याकडे वळल्या. "व्हय न्हवं, मास्तर?"

गणपाही माझ्याकडे पाहत होता. त्याच्या ओठांवर दुधाची ओली रेघ होती. मी कठड्यावरचा हात सोडला नाही.

"होय मावशी," मी म्हणालो. "दिनूचंच अक्षर आहे ते."